हनोईतल्या समाधीवर काय लिहिलंय?

व्हिएतनाममधल्या दा नांग शहराच्या दुय तान रस्त्यावर पाचव्या लष्करी विभागाचं संग्रहालय आहे. अंगणात अमेरिकी विमानं, रणगाडे, तोफा. शेजारी व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांच्या हनोईतल्या लाकडी घराची प्रतिकृती, तळ्यासकट. आमचा सोळा जणांचा ग्रुप तिथे गेला, तेव्हा आमच्यातल्या एका काकांनी आत शिरताच फोनवर भाषांतर करून तिथल्या ताईंना विचारलं, "शिवाजी महाराजांचं दालन कुठे आहे?"

हा प्रश्न कुठून आला ते मराठी माणसाला सांगायला नको. गेली कित्येक वर्षं एक मेसेज फिरतोय. व्हिएतनामने अमेरिकेला हरवल्यावर पत्रकाराने तिथल्या राष्ट्राध्यक्षांना यशाचं गुपित विचारलं, त्यांनी शिवाजी महाराजांचं नाव घेतलं. त्यांच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा इथे विसावला आहे' असं कोरलंय. पुढे त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाई भारतात आल्या, हट्टाने रायगडावर गेल्या आणि तिथली माती कपाळाला लावून सोबत घेऊन गेल्या.

ताईंनी नीट वाचलं आणि विचारलं, "हे कोणत्या काळातले?" काका म्हणाले, सतराव्या शतकातले. त्यांनी हलकेच मान हलवली, नाही म्हणाल्या. काकांचा चेहरा उतरला. शाळेत असल्यापासून दरवर्षी रायगडावर जाणारा माणूस तो. मला राग आला, काकांचा नाही, ज्याने कुणी ही गोष्ट रचून अशा माणसांच्या श्रद्धेवर सोडून दिली त्याचा. म्हणून एकेक दावा घेते.

आधी ती मुलाखत. युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. मेसेजमध्ये राष्ट्राध्यक्षांचं नाव नसतं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हो चि मिन्हच उभे राहतात. ते २ सप्टेंबर १९६९ ला गेले, विजय त्यांनी पाहिलाच नाही. १९७५ मध्ये उत्तर व्हिएतनामच्या अध्यक्षपदी तोन दुक थांग होते. पत्रकार कोण, वर्तमानपत्र कोणतं, तारीख काय, यातलं मेसेजमध्ये काही नाही.

मग समाधी. हनोईच्या बा दिन्ह चौकातलं हो चि मिन्ह यांचं स्मारक १९७५ मध्ये खुलं झालं. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत एवढंच आहे: 'अध्यक्ष हो चि मिन्ह'. खरं तर आपलं दहन करावं आणि रक्षा देशाच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण भागात ठेवावी, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. ते ऐकलं गेलं नाही. लोक रांगेत उभे राहून काचेमागचा त्यांचा देह पाहतात. आपल्याकडचे किती पर्यटक ते स्मारक बघून येतात, तरी परतल्यावर मेसेज पुढे ढकलतातच, याचं मला वाईट वाटतं.

परराष्ट्रमंत्री बाई म्हणजे न्गुएन थी बिन्हच असणार. १९७३ च्या पॅरिस करारावर सही करणाऱ्या. पण त्या दक्षिणेतल्या, अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या हंगामी क्रांतिकारी सरकारच्या परराष्ट्रमंत्री होत्या. १९७६ मध्ये देश एक झाला तसं ते सरकार विसर्जित झालं आणि त्या शिक्षणमंत्री झाल्या. एकसंध व्हिएतनामचे पहिले परराष्ट्रमंत्री न्गुएन दुय त्रिन्ह, पुरुष. शिवाय तेव्हा रायगडाला रोपवे नव्हता. परदेशी मंत्री पायऱ्या चढून गडावर जाते आणि एकाही मराठी दैनिकात तिचा फोटो येत नाही, हे पटतं तुम्हाला?

आता मूळ दावा: त्यांनी गनिमी कावा महाराजांकडून घेतला. यावर त्या ताईंनीच उत्तर दिलं. काकांना त्या एका काचेच्या पेटीपाशी घेऊन गेल्या. आत बांबूचे सुळके होते, वीतभर लांबीचे, तिरके तासलेले. असे सुळके खड्ड्यात रोवून वर पाचोळा पसरायचे. ताईंनी फोनवर दोन शब्द लिहिले: 'बाख डांग'.

बाख डांग ही उत्तरेतली नदी. इसवी सन ९३८ मध्ये न्गो क्वेन याने तिच्या तळात अणकुचीदार खांब रोवले. भरतीत ते पाण्याखाली गेले, छोट्या होड्यांनी चिनी आरमाराला हुलकावणी देत आत ओढलं, ओहोटी लागली आणि जहाजं खांबांवर अडकली. १२८८ मध्ये त्रान हुंग डाव या सेनापतीने त्याच नदीत तीच युक्ती मंगोल बादशहा कुबलाईखानाच्या आरमारावर चालवली. घरं रिकामी करायची, शत्रूला धान्याचा दाणा मिळू द्यायचा नाही, ही त्याचीच रीत. १३०० मध्ये मरणशय्येवर त्याने राजाला सांगितलं ते तिथल्या बखरीत आहे: थोड्या सैन्याने मोठ्या फौजेला कसं तोंड द्यायचं, आणि प्रजेवरचा भार हलका ठेव, तेच राज्याचं मूळ. महाराजांचा जन्म १६३० चा. हे सगळं त्याच्या कितीतरी आधीचं.

आणि हा वारसा त्यांनी लपवलेला नाही. २२ डिसेंबर १९४४ ला हो चि मिन्ह यांचे सेनापती व्हो न्गुएन ज्याप यांनी ३४ जणांची पहिली तुकडी उभी केली, ती त्रान हुंग डावच्या नावाच्या जंगलात. १९५१ च्या फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमांना नावं दिली त्रान हुंग डाव आणि क्वांग त्रुंग. हा सम्राट क्वांग त्रुंग तर या संग्रहालयाच्याच मुलखातला, बिन्ह दिन्हचा. १७८९ मध्ये त्याने सैन्याला नववर्षाचा सण आधीच साजरा करायला लावला आणि चिनी फौज सणात रमली असताना हनोईवर झडप घातली. १९६८ मध्ये त्याच नववर्षाच्या सणात अमेरिकेवर झालेला, 'टेट' नावाने गाजलेला हल्ला आठवतो ना?

शिवाय सगळा गनिमी कावाही नव्हता. १९५४ चं दिएन बिएन फू म्हणजे फ्रेंचांच्या तळाला ५६ दिवसांचा वेढा. तोफा माणसांनी दोरांनी डोंगरावर ओढल्या. हँडलला बांबू बांधलेल्या हजारो सायकलींवरून, एकेकीवर दोन-दोनशे किलो, तांदूळ गेला. रशिया आणि चीनची शस्त्रंही होती. १९७५ मध्ये सायगावात शिरले ते रणगाडे.

साम्य आहे, ते मी नाकारत नाही. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची झालेली कोंडी वाचताना मला ती नदी आठवते. भूमी ओळखीची, लोक आपले, शत्रू जड. अशा ठिकाणी दोन वेगळी माणसं एकाच उत्तराशी पोचू शकतात.

"खोटं असलं तरी अभिमान वाढतो ना?" असं मला घरच्या ग्रुपवर विचारलं गेलं. महाराजांची कीर्ती सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रांत आहे, गोव्याच्या पोर्तुगीजांच्या दप्तरात आहे. ज्यांना त्यांची धास्ती होती त्यांनीच ते लिहून ठेवलंय. इतिहासकार राजवाडे वाड्यावाड्यांतून कागद गोळा करत फिरले ते असा एकेक पुरावा हाती यावा म्हणून. त्या कष्टांशेजारी हा मेसेज ठेवताना मला लाज वाटते. दुसरं, दा नांगच्या दक्षिणेला ताम की शहरात न्गुएन थी थू या आईचं भलंमोठं स्मारक आहे. तिचे नऊ मुलगे युद्धांत गेले. तुमच्या मुलांना लढायला आमच्या राजाने शिकवलं, हे तिच्यासमोर उभं राहून म्हणवेल का कुणाला?

संध्याकाळी आम्ही हान नदीकाठी ड्रॅगन पूल बघायला गेलो. काका पाटीपाशी थांबले आणि एकेक अक्षर लावत वाचू लागले. आम्ही उभे होतो तो रस्ता बाख डांग, पलीकडच्या काठावरचा त्रान हुंग डाव. काकांनी खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, "ते साल पुन्हा सांग बरं, १२८८ ना?"