पॅकेज वापरणारा आळशी नसतो

चवथीच्या सुट्टीत आमच्या फोंड्याच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: ‘अपाची असो वा एनजिनएक्स, जाणकार माणूस सोर्स उतरवून स्वतः कंपाइल करतो. तसा सर्व्हर जास्त वेगवान, जास्त सुरक्षित आणि हवा तसा घडवलेला. पॅकेज आळशांसाठी.’ (अपाची आणि एनजिनएक्स हे वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारे सर्व्हर प्रोग्रॅम. सोर्स म्हणजे त्यांचा मूळ कोड, कंपाइल म्हणजे तो मशीनवर चालेल असा बांधणं, आणि पॅकेज म्हणजे आधीच बांधून मिळणारा प्रोग्रॅम.) खाली अंगठ्यांची रांग. काही वर्षांपूर्वी मीही हेच ठणकावून सांगायचो, म्हणून गप्प बसवेना.

आधी वेगाचं. एनजिनएक्सचा सोर्स सोडवून नुसत्या कॉन्फिगर आणि मेक या बांधणीच्या नेहमीच्या आज्ञा चालवल्या, तर कंपाइलर ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे कोड वेगवान करण्याच्या, ‘ओ’ पातळीवर काम करतो. डेबियन (पॅकेजं तयार करून देणारी लिनक्स प्रणाली) तेच पॅकेज त्याहून वरच्या ‘ओ-२’ वर बांधतं, शिवाय मेमरीवरचे हल्ले रोखणारं स्टॅक प्रोटेक्टरसारखं संरक्षण घालतं. म्हणजे फ्लॅगना (कंपाइलरला द्यायच्या या सूचनांना) हात न लावता घरी बांधलेला एनजिनएक्स पॅकेजपेक्षा वेगवान व्हायचं काही कारण नाही. आणि साइट रेंगाळते ती बहुतेक वेळा डेटाबेसमुळे. तिथे सर्व्हर कुणी बांधला याला काय महत्त्व?

‘सोर्समधून सर्वांत ताजी आवृत्ती मिळते, म्हणून ती सुरक्षित.’ सप्टेंबर २०२१ मध्ये अपाची २.४.४९ आली. पत्त्यात वाकडेतिकडे ठिपके घालून वेब फोल्डरबाहेरच्या फायली वाचता येतील असं भोक त्याच आवृत्तीत शिरलं होतं. आधीच्या आवृत्त्यांत ते नव्हतंच. ऑक्टोबरमध्ये घाईघाईनं २.४.५० काढली, तिची दुरुस्ती अपुरी निघाली आणि दोन-तीन दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. ताजं ताजं म्हणून धावलेले सापडले, जुन्यावर बसलेले सुटले.

उलट, जुना आकडा दिसला म्हणजे भोक आहेच असंही नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमधलं) हार्टब्लीड नावाचं भोक उघड झालं, तेव्हा मूळ प्रकल्पाची दुरुस्ती १.०.१जी मध्ये आली. पण डेबियन ७ नं १.०.१ई हाच आकडा ठेवून तेवढी दुरुस्ती त्यात बसवली. त्या दिवशी खरी गोची झाली ती घरी बांधणाऱ्यांतल्या काहींची. एनजिनएक्स बांधताना ओपनएसएसएलचा सोर्स वेगळा जोडून दिला की ती लायब्ररी बायनरीच्या, म्हणजे बांधून झालेल्या प्रोग्रॅमच्या, पोटात जाते. मग सिस्टीमची लायब्ररी कितीही अपडेट करा, सर्व्हर जुनीच घेऊन बसतो. पुन्हा बांधल्याशिवाय गत्यंतर नाही.

‘सोर्स डोळ्यांसमोर असतो.’ असतो, पण वाचतो कोण? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आक्रसणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेली चोरवाट सापडली. तिला जागं करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटवरच्या, म्हणजे सगळ्यांसमोर बदल नोंदवले जातात त्या, कोडमध्ये नव्हती, फक्त उतरवायच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) होती. प्रामाणिकपणे सांगायचं तर ती चोरवाट डेब आणि आरपीएम या लिनक्सवरच्या दोन प्रकारांची पॅकेजं बांधतानाच चालू व्हायची, म्हणजे पॅकेजवाल्यांनीही शेखी मिरवू नये. पण घरी बांधणारे वाचले ते सोर्स वाचून नव्हे.

राहिलं ‘हवा तसा घडवलेला’. मॉड्यूलचा, म्हणजे सर्व्हरला हवे ते जादा भाग जोडण्याचा, मुद्दा जुना झाला. अपाची फार पूर्वीपासून आणि एनजिनएक्स २०१६ पासून मॉड्यूल बाहेरून चढवू देतं.

आता ‘आळशी’. पोदेराकडचा (आमच्या पाववाल्याकडचा) पाव घेतला म्हणून आमच्या घरातल्या बायकांना कुणी आळशी म्हणून दाखवावं! मी स्वतः फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या साइटसाठी अपाची सोर्समधून बांधून दिला होता. मेक इन्स्टॉल या आज्ञेनं सगळं निमूटपणे यूएसआर-लोकल या फोल्डरखाली ठेवलं. पण मशीन सुरू होताच सर्व्हरही उठावा म्हणून सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेची) फाइल लागते. ती मेक इन्स्टॉल देत नाही, आणि मीही लिहिली नव्हती. जत्रेच्या आदल्या रात्री पावसात वीज गेली आणि परत आली. मशीन उठलं, अपाची झोपलेलाच. सकाळी सात वाजता पुजारीकाकांचा फोन: “अरे, कार्यक्रमपत्रिका दिसत नाही रे!”

सोर्समधून मी अजूनही बांधतो: पॅच (कोडमधला बदल) आपला असेल, किंवा हवं ते मॉड्यूल त्याच आवृत्तीवर कुणीच पॅकेज केलं नसेल तेव्हा. मग टारबॉलची सही तपासतो आणि कॉन्फिगरची पूर्ण ओळ एका फाइलीत लिहून ठेवतो. देवस्थानच्या त्या मशीनवर मात्र आता डेबियनचं पॅकेज आहे, आणि काकांचा फोन फक्त प्रसादाला बोलावण्यापुरता येतो.