पाइपने जीभ भाजून घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

तंबाखूचा पाइप निवांत बसून ओढण्यासाठी असतो, असं जुनी मंडळी सांगतात. तुम्हाला विचारवंत दिसायचं आहे, तेव्हा त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. जितका धूर जास्त, तितकं डोकं चालतंय, हे धरून चला.

तंबाखू डब्यातून काढली की दमट असतानाच भरा. कागदावर पसरून, चिमटीत चिकटू नये पण चुराही होऊ नये इतपत सुकवणं हा रिकामटेकड्यांचा धंदा. तळाशी सैल, मधे जरा दाबून, वर घट्ट आणि काठाशी ३-४ मिलिमीटर मोकळे, एवढी भानगड कशाला? उशीत कापूस कोंबतात तशी अंगठ्याने एकदाच ठासा. पेटवण्याआधी ओढून मात्र पाहू नका. शहाळ्यातलं पाणी नळीने ओढताना लागतो त्याहून जास्त जोर लागतोय हे कळलं, तर सगळं उकरून पुन्हा भरावं लागेल.

पहिल्या काडीने तंबाखू फुगून वर येते. ती दट्ट्याने हलकेच बसवून दुसरी काडी लावायची असते. तुम्ही पहिल्याच काडीवर भागवा आणि विझू नये म्हणून लोहाराच्या भात्यासारखे झुरके मारा. व्हर्जिनिया जातीची तंबाखू असेल तर सोन्याहून पिवळं! तिच्यात साखर जास्त, त्यामुळे घाईने ओढली की फार तापते. त्यात दमट पानाची वाफ. जिभेचा शेंडा उकळत्या चहाने पोळल्यासारखा होतो. आपल्याकडचे चिलीमवाले निदान तोंडाशी ओल्या फडक्याची छापी तरी लावतात. (पाइप दोन-तीनदा विझला तर खुशाल पुन्हा पेटवतात, हे कुणाला कळू देऊ नका.)

धूर छातीत घेत नाही म्हणून काही होत नाही, असंही ठणकावून सांगा. तोंडाच्या कर्करोगाला छातीपर्यंत जावं लागत नाही, ही बाब वेगळी.

वाटी गरम असतानाच दांडी पिळून काढा. सांध्यातली खुंटी बहुधा तिथेच मोडेल. नाही मोडली, तर राख टेबलाच्या काठावर ठोकून झाडा. पाइप बहुधा ब्रायरचा असतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी वर्षानुवर्षं वाढलेली गाठ, उकळून महिनोन्महिने सुकवलेली. तिची मान एका ठोक्यात तुटते. वाटीतला काजळीचा थर दीड मिलिमीटरवर खरवडतात. तुम्ही वाढू द्या, तापून फुगला की चीर पाडतो. दांडीत साफसफाईची तार-काडी फिरवू नका, पाइपला दिवसभराची विश्रांतीही नको. मग तो कडू लागला की दुकानदाराला शिव्या घाला आणि दुप्पट महागाचा घ्या.