शंभूराजांचं नाव घेऊन गुढी उतरवू नका

होळीची राख विझत नाही तोच दरवर्षी तो मेसेज येतो. त्याचा सारांश असा: गुढीपाडवा हा जुना सण नव्हेच. औरंगजेबाने संभाजी महाराजांना हाल करून मारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्राह्मणांनी आनंद म्हणून घरोघरी गुढ्या उभारायला लावल्या. उलटा तांब्या म्हणजे राजांचं शिर, साडी म्हणजे स्त्रियांची विटंबना, कडुलिंब म्हणजे दुःख. तेव्हा खऱ्या मावळ्याने गुढी सोडून भगवा लावावा. खाली 'जागे व्हा' आणि अकरा ग्रुपवर पाठवायचा हुकूम.

इतकी वर्षं मी तो बघून पुसून टाकत होतो. यंदा कोरेगावच्या काकूंचा फोन आला. "आरं, गुढी उभारली तर पाप लागंल का रं? नातू म्हनतोय, आपल्या राजाच्या मरणाची हाय ती." ही बाई पाडव्याच्या आदल्या दिवशी ट्रंकेतून जरीचा खण काढून वाऱ्यावर टाकते, गडू चिंचेने घासते, पाडव्याला संध्याकाळी ऊन कलायच्या आत हळदकुंकू वाहून गुढी उतरवते. तिच्या डोक्यात हा किडा सोडलात, आता उत्तर ऐका.

जे खरं आहे ते आधी देऊन टाकतो. राजांची हत्या ११ मार्च १६८९ ची, त्या दिवशी फाल्गुन अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. एवढं बरोबर. पण ती तारीख कागदावर कशी पडते ते बघा: शके १६१०, फाल्गुन अमावास्या. लगेच दुसऱ्या दिवशी शके १६११ लागलं. म्हणजे वर्ष पाडव्यालाच बदलत होतं, आधीपासून. वर्षाचा पहिला दिवस लोकांनी रातोरात ठरवला नव्हता.

आता गुढी. ज्ञानेश्वरीचा चौथा अध्याय उघडा, बावन्नावी ओवी: 'अधर्माची अवधी तोडीं । दोषांचीं लिहिलीं फाडीं । सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं ॥' ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. शंभूराजांच्या हत्येआधी चारशेला एक कमी इतकी वर्षं. कुणी म्हणेल, यात पाडव्याचं नाव कुठंय? नाही, मान्य. पण सुखाची गुढी सज्जनांनी उभारायची, हे माउली सांगतात; गुढी म्हणजे शिर कापल्याची खूण असती तर हे वाक्य निघालं असतं का? आणि हे ब्राह्मणांचं कारस्थान म्हणणाऱ्यांनी चोखोबांचं काय करायचं ठरवलंय? 'टाळी वाजवावी गुढी उभारावी । वाट ही चालावी पंढरीची ॥' हा अभंग चोखोबांचा, ज्यांना देवळाच्या पायरीपुढे जाऊ दिलं नाही त्यांचा. ते गेले १३३८ साली.

पण मला सगळ्यात चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती साताऱ्याच्या माणसाला तरी सुचायला हवी होती. १६८९ लाच रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू महाराज १७०७ ला सुटले, जानेवारी १७०८ मध्ये इथे साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १७४९ पर्यंत ते गादीवर होते. अजिंक्यताऱ्याखालचं हे शहर त्यांनीच वसवलं. येसूबाईसाहेब १७१९ ला सुटून इथेच आल्या. आता मेसेज खरा मानायचा तर काय मानावं लागतं? की राजाच्या बापाच्या खुनाचा आनंद त्याच्याच राजधानीत चाळीस वर्षं दारोदार साजरा होत होता, त्याची आई, शंभूराजांची पत्नी, ते बघत होती आणि दोघांनी हूं की चूं केलं नाही. शंभूराजांचा मान राखायला निघालात आणि त्यांच्या बायकोमुलाला काय ठरवलंत, कळतंय का? हे लिहिणाऱ्याला राजांबद्दल प्रेम नाही, राजांचं नाव वापरायचंय. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये औरंगजेब एकदा येतो, बाकी सगळा राग शेजारच्या वाड्यावर. मारणारा सुटला!

तांब्याचं उत्तर द्यायचीही लाज वाटते. काठीच्या टोकावर गडू सुलटा ठेवून दाखवा एकदा. कडुलिंब दुःखाचा म्हणता, मग त्याच काठीला साखरेच्या गाठी कशाला बांधतात? सुतकात साखर वाटणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. खणाला विटंबना म्हणणाऱ्याने देवीची ओटी भरताना आपल्या आईला विचारावं.

'मग गुढी फक्त महाराष्ट्रातच का?' हा मेसेजवाल्यांचा प्रश्न निम्मा बरा आहे. काठी उभारायची रीत मुख्यतः आपली आणि कोकण-गोव्याची, हे खरं. पण तोच दिवस कर्नाटकात आणि आंध्र-तेलंगणात उगादी म्हणून होतो, काश्मिरी पंडितांचा नवरेह त्याच दिवशी. त्यांना कोणाच्या मरणाचा आनंद झाला होता?

आपल्या बाजूचेही काही कमी नाहीत, हेही सांगतो. पाडव्याला कडुलिंब चावला की वर्षभर आजार नाही, असलं ठोकून देणारे मेसेज 'जय श्रीराम' लावून येतात, त्यांचीही मला तेवढीच कटकट होते.

राहिला भगवा. जरूर लावा, कोण अडवतंय? शंभूराजांच्या स्मरणात फाल्गुनात बलिदान मास पाळणारी, चहा आणि चपला सोडलेली पोरं सांगली-साताऱ्यात गल्लोगल्ली दिसतात. आमच्या पेठेतली अशी पोरं अमावास्येला राजांना मानवंदना देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला गुढी बांधू लागतात. शेजारी भगवाही असतो. दोन्हींना खिडकीचा एकच गज पुरतो.