जपानी लोकांच्या रक्तात म्हणे शिस्त असते

परत एकदा फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन पडला. जपानमध्ये रस्त्यावर कचरापेट्याच नाहीत कारण लोक इतके शिस्तीचे, त्यांच्या रक्तातच आहे ते, आणि आपण बघा. खाली काका-मामांचे जोडलेले हात. मी टोकियोत राहते, एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला, जिथे तूरडाळ आणि कढीपत्ता चालत जाऊन आणता येतो आणि जिथल्या वॉर्डच्या निवडणुकीत २०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. तर इथे बसून मला हे रक्ताचं प्रकरण अजिबात पटत नाही, म्हणून लिहितेय.

पेट्या कमी आहेत हे खरंय. पण १९९५ मध्ये इथल्या मेट्रोत सरीन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी ठिकठिकाणच्या पेट्या उचलल्या गेल्या. कचरा म्हणाल तर लोक ढिगाने करतात, दुकानात एकेकटं केळं पण प्लास्टिकच्या पिशवीत मिळतं राव. फक्त तो कचरा बॅगेत घालून घरी न्यायचा. आणि खरी गंमत घरीच सुरू होते. आमच्याकडे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदाच, बाटल्या-डबे-कागद वेगळ्या दिवशी, सगळं सकाळी आठच्या आत, पिशवी आतलं दिसेल अशी हवी आणि वर कावळ्यांनी फाडू नये म्हणून जाळी.

मध्यंतरी वरच्या मजल्यावर एक कॉलेजचा मुलगा राहायला आला, पक्का जपानी. त्याने जळणाऱ्या कचऱ्यात बाटल्या, कॅन, सगळं एकत्र कोंबून पिशवी ठेवली. गाडी आली, बाकी सगळं उचललं आणि त्याची पिशवी तिथेच, वर हे नेता येत नाही असा भलामोठा स्टिकर. दिवसभर येणारा-जाणारा बघतोय. आमच्या खालच्या आजी तर दोनदा झाडू घेऊन तिथे घुटमळून गेल्या, झाडायला काही नसताना! संध्याकाळी पोरगा मान खाली घालून पिशवी वर घेऊन गेला. पुढच्या खेपेला त्याच्या बाटल्या बघायच्या होत्या, झाकणं काढलेली, लेबलं सोललेली, आतून विसळलेल्या, चेपून सपाट. रक्तात असतं तर पहिल्याच दिवशी जमलं असतं ना?

माझं मत असं की इथे चुकीचं वागणं भयंकर कटकटीचं करून ठेवलंय आणि बरोबर वागण्याची सवय लहानपणापासून घोटून घेतलीय, बास. मुलीच्या शाळेत पोरं वर्ग स्वतः झाडतात-पुसतात, डोक्याला रुमाल बांधून एकमेकांना जेवण वाढतात. तिच्या खुर्चीवर एक जाडसर उशी असते, मला आधी वाटलं बसायला मऊ लागावं म्हणून असेल. तर ती घडी उलगडली की टोपडं होतं, भूकंपाचा सराव असला की पोरं बाकाखाली शिरतात आणि मग ते डोक्याला बांधून रांगेत मैदानावर जातात. १ सप्टेंबर १९२३ ला इथे मोठा भूकंप झाला होता, त्याची आठवण म्हणून १ सप्टेंबरला देशभर सराव असतात. रोज संध्याकाळी भोंग्यावर एक गोड धून वाजते, मुलं घरी पळतात, मी पण ती ऐकून कुकर लावते, पण ती धून म्हणजे आपत्तीच्या सूचना देणारे भोंगे चालू आहेत ना याची रोजची तपासणी पण असते. कोणी नुसत्या संस्कारांवर विसंबून बसलेलं नाही.

मोबाईलचंच घ्या. इथे विकत घेतलेल्या फोनचा कॅमेरा सायलेंटवर टाकला तरी खटॅक वाजतोच. का, तर गर्दीत बायकांचे चोरून फोटो काढणारे महाभाग आहेत म्हणून कंपन्यांनीच आवाज पक्का करून टाकलाय. आमच्या मेट्रोच्या तोझाई लाईनला सकाळी बायकांचा वेगळा डबा असतो तो पण उगाच नाही. आणि ती गर्दी! २०१९ ला याच लाईनचा एक टप्पा क्षमतेच्या १९९ टक्के भरून धावत होता, अख्ख्या देशात पहिला नंबर. डोंबिवली फास्टची सवय असलेल्या माझ्या नवऱ्याला इथे फक्त एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटलं, इतके लोक चेंगरलेत आणि कोणी भांडत कसं नाही. २०१७ मध्ये वीस सेकंद आधी गाडी सुटली म्हणून एका रेल्वे कंपनीने माफी मागितली ते सगळ्यांना माहितीये, पण गाडी लेट झाली की ऑफिसात दाखवायला स्टेशनवर छापील चिठ्ठी मिळते हे कोणी फॉरवर्ड करत नाही. चिठ्ठी छापून तयार आहे म्हणजे गाड्या लेट होतात, साधा हिशोब आहे.

बाकी हायटेक वगैरे म्हणाल तर सरकारी नियमांतली माहिती फ्लॉपी डिस्कवर द्यायची अट २०२४ साली गेली. फ्लॉपी. २०२४.

एका गोष्टीचा मात्र अजून राग येतो. घर शोधताना एजंट आमच्यासमोर मालकाला फोन लावायचा, अतिशय नम्र आवाजात विचारायचा की परदेशी लोक आहेत, चालतील का, आणि फोन ठेवून तितक्याच नम्रपणे आम्हाला नाही म्हणून सांगायचा. वर ज्या मालकाने हो म्हटलं त्याला एक-दोन महिन्यांचं भाडं आभार म्हणून द्यायचं, परत न मिळणारं. चेहऱ्यावर हसू तेच, वाकणं तेच. फॉरवर्डमध्ये हे पण घाला की.

आणि हो, प्रामाणिकपणा. पाकीट हरवलं तर पोलीस चौकीत पैशांसकट परत मिळायची बरीच शक्यता, हे अगदी खरं, मैत्रिणीचं मिळालंय. पण दुकानाबाहेरच्या स्टँडमध्ये ठेवलेली पारदर्शक प्लास्टिकची छत्री? गेली म्हणून समजा. सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, पाऊस लागला की जो आधी बाहेर येईल तो हाताला येईल ती उचलतो, आणि तिची तक्रार घेऊन चौकीत कोण जातंय. मी माझ्या छत्रीच्या दांड्याला परकराची लाल नाडी गाठ मारून बांधलीये. अजून तरी कोणी हात लावलेला नाही.