‘बरं झालं’ म्हणणाऱ्या सगळ्यांना

आज दुपारी इथे टेक्ससमध्ये आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची, ईमेल आली की पुढच्या वर्षीपासून लेकीच्या शाळेतला टू-वे ड्युअल लँग्वेज प्रोग्राम बंद, त्याऐवजी ट्रान्झिशनल. कारण दिलंय की बायलिंग्वल शिक्षक मिळत नाहीत. वाईट वाटलंच, पण डोकं फिरलं ते इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर. पहिलाच मेसेज, "बरं झालं, आता तरी इंग्लिशवर लक्ष देतील", आणि त्यावर धडाधड अंगठे. बरं झालं??

भारतातल्या मैत्रिणींसाठी सांगते, आपल्याकडचं सेमी-इंग्लिश आठवा, टू-वे म्हणजे साधारण तसंच. आमच्याकडे गणित इंग्लिशमध्ये, सायन्स आणि सोशल स्टडीज स्पॅनिशमध्ये. वर्गात अर्धी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी, बाकीची इंग्लिशवाली किंवा आमच्यासारखी, आणि टीचर त्यांच्या जोड्या लावतात, एक या भाषेचा एक त्या. ट्रान्झिशनलमध्ये मात्र स्पॅनिश फक्त त्या मुलांना इंग्लिश येईपर्यंत, आलं की सोडून द्यायचं. पूर्ण बंद करता येत नाही कारण टेक्ससचा कायदाच आहे, डिस्ट्रिक्टमध्ये एका इयत्तेत एकाच भाषेची, इंग्लिश नीट न येणारी 20 मुलं असली की एलिमेंटरीत बायलिंग्वल शिक्षण द्यावंच लागतं. म्हणून मग हा मधला मार्ग.

लेकीचा जोडीदार होन्डुरासहून आलेला. मी वर्गात व्हॉलंटिअर म्हणून गेले होते तेव्हा वॉटर सायकल चाललं होतं, तो हातवारे करून, चित्र काढून तिला स्पॅनिशमध्ये बाष्पीभवन समजावत होता, ती विचारतेय, तो परत सांगतोय, नुसता उत्साह. मग गणिताचा तास आला, इंग्लिश सुरू झालं आणि हाच मुलगा एकदम गप्प. मान खाली. आता ही त्याला हळूहळू हातच्याची वजाबाकी सांगायला लागली. तो सायन्सचा तास नसता ना, तर वर्गातल्या कुणाला कळलंच नसतं हा मुलगा किती हुशार आहे ते. त्यालाही नसतं कळलं.

आणि हे आपल्याला सांगावं लागतं? आपल्यातले निम्मे मराठी मीडियमचे. अकरावी सायन्सला सगळं इंग्लिशमध्ये अंगावर आलं तेव्हा उत्तर येत असूनही मी फिजिक्सच्या वर्गात तोंड उघडलं नव्हतं, कितीतरी महिने. त्या मुलाची खाली गेलेली मान बघून मला तेच आठवलं.

याच टेक्ससमध्ये, मार्फा गावात, ब्लॅकवेल स्कूल नावाची मेक्सिकन मुलांची वेगळी शाळा होती. 1954 मध्ये तिथल्या मुलांकडून ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’ असं कागदावर लिहून घेतलं आणि ते कागद पेटीत घालून शाळेच्या आवारात पुरायला लावले. अक्षरशः अंत्यविधी केला भाषेचा, मुलांच्या हातून! 2022 मध्ये त्या शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं, म्हणजे चूक होती हे कळतंय सगळ्यांना. मग आता परत ‘इंग्लिश आलं की तुमचं सोडा’ कशासाठी? कॅलिफोर्नियानेही 1998 ला मतदान घेऊन बायलिंग्वल वर्ग जवळजवळ संपवले आणि 2016 ला परत मतदान घेऊन ती बंदी उठवली, मधल्या 18 वर्षांत एक अख्खी पिढी किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत जाऊन बाहेर पडली, तिचं काय.

हो, शिक्षक मिळत नाहीत हे खरंय. दुसरीत लेकीचं इंग्लिश वाचन जरा मागे होतं, तेही खरं. पुढे आलं ते आपोआप.

पण ज्यांनी अंगठे दिले ते सगळे रविवारी सकाळी पोरांना गाडीत घालून मराठी शाळेत नेतात हो. बाराखडी गिरवून घेतात, आजीशी मराठीत बोलला नाही तर रागावतात. मीही नेते. आपली भाषा टिकावी म्हणून एवढा जीव टाकायचा आणि शेजारच्या बाकावरच्या पोराची गेली तर बरं झालं? राग यासाठी येतो मला.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. ज्याने मेसेज टाकला तो माणूस वाईट नाहीये, आमच्या अडीअडचणीला धावून आलेला आहे. इंग्लिश कच्चं राहिलं तर पोराचं कसं होणार ही त्याची भीती आपल्या सगळ्यांच्या घरातून आलीये, माझे बाबाही हेच म्हणायचे. पण दादा, आपल्या मुलांना इंग्लिश येणारच आहे, ते चहूबाजूंनी आहे. त्या मुलाला मात्र त्याची हुशारी दाखवायला दिवसातले तेवढेच तास मिळत होते, आणि तेच काढून घेतायत.

सोमवारी संध्याकाळी डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डची मीटिंग आहे, पब्लिक कमेंटला, म्हणजे लोकांना बोलू देतात तेव्हा बोलायला, मी नाव दिलंय. त्या मुलाच्या आईची तेव्हा शिफ्ट असते, तिचं म्हणणं मी लिहून घेतलंय, तेही वाचणार. ज्यांना यायचंय त्यांनी दुपारच्या आत ऑनलाइन नाव द्या, नंतर घेत नाहीत. लिंक कमेंटमध्ये टाकते. आणि दादा, तुम्हीही या.