खुलासा : १२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर आणि शिकवण्यांच्या पालकगटांत एक मेसेज फिरतोय : १ ते ९ चढत आणि परत १ पर्यंत उतरत लिहिलेली ही १७ अंकी संख्या मूळ आहे, तिला कशानेच भाग जात नाही. हे चूक आहे.

कागदावरच बघा. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ने भाग जातो, भागाकार १३७१७४२१०९७३९३६९. मुळात ही १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. गुणाकार मांडला की नऊ ओळी एकेक घर सरकतात, मधल्या रकान्यात जास्तीत जास्त नऊ एक येतात, हातचा येत नाही, म्हणून तो सुंदर डोंगर उभा राहतो. दहा एकांचा वर्ग करा, हातचा येतो आणि डोंगर मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

नऊ एकांचे अवयव ९ × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक दोनदा, त्यामुळे एकूण विभाजक ४५.

एक्सेलमध्ये तपासू नका. तिथे १५च अंक टिकतात, शेवटच्या २१ चे ०० होतात, अंकांची बेरीज ७८ उरते आणि ९ने भाग जात नाही असं वाटतं.

गोंधळ बहुधा १२३४५६७८९१०९८७६५४३२१ मुळे झाला असावा. मध्ये १० असलेली ही २० अंकी संख्या खरोखरच मूळ आहे. दिसायला जुळी बहीणच, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.