मालिश शिकायचीय? आधी भिंत बघा

तुम्ही मसाज थेरपिस्ट व्हायचं ठरवलंत, हे फार उत्तम केलंत. हिंजवडीपासून खराडीपर्यंत एक मान सरळ राहिलेली नाही, आणि डोंबिवलीहून रोज उभ्याने सीएसएमटी गाठणाऱ्यांच्या कमरांबद्दल तर बोलायलाच नको. या धंद्यात गिऱ्हाइकाला मरण नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की शिकायचं कुठे? गल्लोगल्ली अकॅडम्या आहेत. डोकं चक्रावून घेऊ नका. मी सांगतो तसं करा.

संस्थेत शिरल्यावर आधी काउंटरमागची भिंत बघा. शिकवणारे कोण, कसे, हे सगळं नंतर, किंवा कधीच नाही. भिंतीवर फ्रेम किती आहेत ते महत्त्वाचं. मधोमध ‘आयएसओ ९००१:२०१५’ असेलच. हे मानक कार्यपद्धतीच्या व्यवस्थापनाचं आहे. कागद जागच्या जागी आहेत का, ठरवलेली पद्धत पाळली जाते का, तक्रारींची नोंद होते का, असल्या गोष्टी त्यात पाहतात. पाठीवर अंगठा कुठे ठेवावा याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय जिनिव्हाची ती आयएसओ नावाची मूळ संघटना स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते काम बाहेरच्या कंपन्या करतात, आणि त्या कंपन्याही सगळ्या सारख्या नसतात. पण तुम्हाला काय करायचंय? गोल शिक्का आहे, पृथ्वीचं चित्र आहे, भागलं.

शेजारी ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असेल. चष्मा लावून जवळ जाऊ नका, कारण जवळ गेलात की ते लघुउद्योगांच्या नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र निघेल. २०२० च्या जुलैपासून हे घरबसल्या निघतं, फुकट निघतं, आणि स्वतःच्या आधार क्रमांकावर स्वतःच दिलेल्या माहितीवर निघतं. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवाल्याकडेही ते असू शकतं, आणि त्याला निदान वडा तळता येतो. त्याच्या खाली शॉप ॲक्टचा कागद. कामाला माणसं थोडी असली तर महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार दुकान उघडल्याची नुसती सूचना द्यायची असते, तिचीच ही पोच. आणि नशीब जोरावर असेल तर ‘नीती आयोग’ असं ठळक छापलेली चौथी फ्रेम दिसेल. ती दर्पण पोर्टलवरच्या स्वयंसेवी संस्थांच्या यादीतल्या क्रमांकाची. सासुरवाडीला सांगताना फक्त ‘नीती आयोग’ एवढंच सांगायचं. पुढचं कुणी विचारत नाही.

एक प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका. ‘मॅडम, हा कोर्स राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात कुठल्या स्तराला आहे, आणि परीक्षा कोण घेतं?’ ब्युटी अँड वेलनेसच्या सेक्टर स्किल कौन्सिलकडे, म्हणजे त्या क्षेत्रातली कौशल्यं ठरवणाऱ्या मंडळाकडे, स्पा थेरपिस्टची, आणि हेल्थकेअरच्या कौन्सिलकडे पंचकर्म टेक्निशियनची रीतसर पात्रता ठरवलेली आहे. तिला क्रमांक असतो, आणि मूल्यमापन करायला बाहेरचा माणूस येतो. हे विचारलंत की काउन्सेलर मॅडमचा चेहरा पडतो, त्या आत जाऊन ‘सरां’शी बोलून येतात आणि येताना चहा घेऊन येतात. चहा म्हणजे उत्तर नाही हे आपल्याला कळतं, पण तोवर बशी हातात आलेली असते.

आता मुदत. न्यूयॉर्क राज्यात मसाजचा परवाना हवा असेल तर किमान १००० तासांचं शिक्षण घ्यावं लागतं आणि वर परीक्षाही द्यावी लागते. बिचारे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट व्हायला इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षं आणि वैद्य व्हायला साडेपाच वर्षं घालवणारी मुलं आहेत, त्यांचीही दया येते. तुम्ही शनिवार-रविवारची बॅच घ्या. त्या दोन दिवसांत स्वीडिश, थाई, बालीनीज, डीप टिश्यू, हॉट स्टोन, पोटली, शिरोधारा आणि फूट रिफ्लेक्सॉलॉजी असं सगळं होतं. मधे दोन वेळा चहा आणि एकदा पुलाव. हाती पडतो तो ॲडव्हान्स्ड डिप्लोमा. प्राथमिक डिप्लोमा कुठे गेला, असा खवचट प्रश्न मनात आला तर तो पुलावाबरोबर गिळा.

थाई मसाज इथे टेबलावर आणि तेल लावून शिकवतात. बँकॉकच्या वाट फो देवळात १९५५ पासून शाळा चालते. तिथे अजून जमिनीवर गादी घालून, ढगळ सुती कपडे अंगावर ठेवून, थेंबभर तेल न लावता दाबतात आणि ताणतात. २०१९ साली युनेस्कोने त्यांच्या या विद्येला वारसा यादीत घेतलं. आपल्याकडची सुधारित आवृत्ती युनेस्कोच्या अजून नजरेस आलेली नाही, तोवर शिकून घ्या.

आता जरा नाजूक विषयाकडे येऊ. काही आगाऊ संस्था पहिला आठवडाभर तुम्हाला तेलाच्या बाटलीला हात लावू देत नाहीत. कोपऱ्यात सांगाडा टांगलेला असतो, आणि शिकवणाऱ्या बाई नुसतं एकच धरून बसतात, की कोणकोणत्या गिऱ्हाइकांना हात लावायचा नाही. अशा ठिकाणाहून ताबडतोब पळ काढा. हा छळ जुनाच आहे. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, करा म्हणून सांगितलं, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून करा म्हणून सांगितलं, आणि लगेच कफाने ग्रासलेला, नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखे शरीरशुद्धीचे उपचार) झालेला आणि अजीर्ण झालेला यांना मात्र वर्ज्य करून टाकलं. रविवारी दुपारी पुरणपोळी चापून आलेलं गिऱ्हाईक घालवायचा सल्ला देणाऱ्याला धंदा काय कळणार?

आजच्या शिकवणाऱ्या तर त्याहून पुढे गेल्यात. समजा, एक काका येतात. नुकतेच लेकीकडून, अमेरिकेहून आलेत. एक पोटरी सुजलीय, दुसरीपेक्षा गरम लागतेय, दुखतेय. काका म्हणतात, ‘ताई, इथंच जरा जोर लावून रगडा, प्रवासाने आखडलीय.’ तुमच्या दोन दिवसांच्या बॅचने तुम्हाला शिकवलंय की गिऱ्हाईक म्हणेल तिथे जोर लावायचा. त्या आगाऊ बाई मात्र सांगतात, की हात मागे घ्या आणि काकांना तडक डॉक्टरकडे पाठवा, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि रगडताना ती सुटली तर थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकते. झालं ना नुकसान? नव्वद मिनिटांचं पॅकेज गेलं. ऑपरेशन होऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं, गरोदर बाईच्या पायांचं असंच काहीतरी त्या सांगत बसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजोबांच्या अंगावर डीप टिश्यूच्या खोल दाबाने काळेनिळे डाग उठतात म्हणे. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या आजींना हॉट स्टोन किती गरम आहे हे कळतच नाही, त्या ‘छान वाटतंय गं’ म्हणत राहतात आणि घरी गेल्यावर फोड दिसतो. इतकं सगळं डोक्यात ठेवायचं तर मग डिप्लोमा कशाला करायचा?

त्यापेक्षा मान मोडायला शिकवणारी संस्था निवडा. सलूनमध्ये करतात तसं, हनुवटी धरून कडकन. आवाज आला की गिऱ्हाईक खूश, आणि रीलला तर हा आवाज फारच उत्तम. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात, झटक्याने त्यांचं अस्तर फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो. पण रील तीस सेकंदांचं असतं, आणि तेवढ्यात सहसा काही होत नाही.

प्रात्यक्षिकाची खोली बघायला मिळाली तर बघा. टेबल एकच असावं. त्यावर एक जण पालथा पडलेला, एक जण चोळतोय आणि बाकीचे भोवती उभे राहून मोबाईलवर व्हिडिओ घेताहेत, ही आदर्श बॅच. चादरीवर डोकं टेकतं तिथे आधीच्या कित्येक बॅचच्या तेलाचा पिवळा गोल दिसला पाहिजे, म्हणजे संस्था जुनी आहे हे कळतं. टेबलाची उंची कमी-जास्त करता येत नसेल तर उत्तमच. जाणते लोक सांगतात की ताठ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची हाडं टेबलाला टेकावीत, म्हणजे दाब शरीराच्या वजनाने पडतो, खांद्याने ओढाताण होत नाही. कोपर वापरा, कोपरापुढचा हात वापरा, अंगठा जपून वापरा, असलंही बरंच सांगतात. शिकवणाऱ्या सरांच्याच अंगठ्याला क्रेपचा पट्टा गुंडाळलेला दिसला तर मात्र निर्धास्त व्हा. अंगठ्यानेच सगळं करायचं असतं याचा यापेक्षा जिवंत पुरावा कुठे मिळणार?

टॉवेल कसा घालायचा, ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा कसा ठेवायचा, गिऱ्हाइकाला आधी विचारायचं काय, आणि गिऱ्हाइकाने भलतंच काही मागितलं तर ‘नाही’ म्हणून खोलीबाहेर कसं पडायचं, हे शिकवणाऱ्या संस्था फारच घाबरट. स्पावर धाड पडल्याच्या बातम्यांत नेहमी तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या मुलीच दिसतात, मालक दिसत नाहीत. असल्या गोष्टी वर्गात बोलल्या तर वातावरण बिघडतं. आपल्या संस्थेत ‘गिऱ्हाईक म्हणजे देव’ असा फलक लावलेला असतो, तेवढ्यात सगळं आलं.

नोकरीची काळजी नकोच. १०० टक्के प्लेसमेंट असते. फी भरल्याच्या दिवशी तुम्हाला ‘जॉब अपडेट्स’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतात, ही झाली प्लेसमेंट. त्यात सकाळी गुलाबाची फुलं आणि संध्याकाळी ‘दुबई, क्रूझ, मालदीव, अर्जंट’ असं येत राहतं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो, त्याचा क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येतो, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. तुमच्याकडे दीड लाख रोख मागितले तर समजा की तुमच्यात त्यांना काहीतरी विशेष दिसलंय. पावती मागून त्यांचा विश्वास दुखवू नका.

शेवटी एक धोक्याचा इशारा. तुमच्याच गल्लीत एखाद्या मावशी असतील, बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर आडवं, आणि हात असा फिरतो की रडणारं पोर मधेच जांभई देतं. किंवा कोल्हापूरकडचे असाल तर तालमीतले एखादे वस्ताद ओळखीचे असतील, ज्यांना पैलवानाच्या खांद्याला नुसता हात लावला की दुखणं कुठे बसलंय ते कळतं. यांच्याकडे अजिबात जाऊ नका. मावशी बाळाच्या कानात आणि नाकात तेल सोडतात, ते बालरोगतज्ज्ञांना मुळीच पसंत नाही आणि त्यात डॉक्टरांचंच बरोबर आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही ‘मावशी, मला शिकवा’ म्हणालात तर त्या म्हणतील, ‘आधी सहा महिने शेजारी बस आणि नुसती बघ.’ अंगात ताप असलेल्या पोराला त्या हात लावत नाहीत, पैसे दिले तरी नाही. असल्या माणसाकडे गोल शिक्का तरी कुठून येणार?

तेव्हा शनिवारची बॅच पक्की करा. ‘आज भरलंत तर अर्धी फी’ अशी योजना आजच संपत असते, आणि उद्याही आजच संपत असते. रविवारी संध्याकाळी भाड्याचा काळा झगा आणि झुपक्याची टोपी घालून फोटो होतो. आणि मंगळवार-बुधवारकडे सरांचा फोन येतो. नोकरीचाच असतो. नव्या बॅचला शिकवायला माणूस कमी पडतोय, तुमचा हात चांगला आहे, शिवाय विद्यार्थी आणलात तर दर डोई कमिशन. हो म्हणून टाका. फक्त चादर घरून न्या.